कुणाचा गोल मोठा

हे लिहिणारच न्हवतो. खरं सांगतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. एक तर गोष्ट माझ्या घरातली न्हाई, ऋषीच्या घरातली हाय. दुसरं म्हंजे मला कोड लिहाय येतो, असलं काय लिहाय येत न्हाई. पण ऋषीच म्हणला, "लिही की रं, काय चोरी केलीय का आपण?" म्हणून बसलोय. जसं आठवंल तसं टाकतो.

मी नागसेन. गाव कराडच्या खाली, नदीकाठी. कराडात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दहावा, काय म्हणाल ते. अभिनंदनाला आन श्रद्धांजलीला मी एकच फुलांची बॉर्डर वापरतो, आजवर कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. बारावीनंतर कॉलेज सुटलं. कोडिंग यूट्यूबवर बघून शिकलो. पयलं मोबाईलवर, मग गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या कंप्युटरवर.

ह्या उन्हाळ्यात विद्यापीठानं सांगलीत एक कोर्स काढला. जनरेटिव्ह आर्ट. डिग्रीची अट न्हवती, तुमचं काम पाठवा म्हणले. पाठवलं. आन घेतलं की मला! पयल्या दिवशी वर्गात बसलो तवा वाटलं, कुणाच्या तरी चुकीनं आलोय. पुण्याची पोरं, आर्किटेक्चरच्या पोरी. त्यांचे पातळ पातळ लॅपटॉप बघून मी माझा बॅगेतनं काढाय जरा वेळच लावला.

जनरेटिव्ह आर्ट म्हंजे काय, ते आईला सांगितलं तसंच तुमाला सांगतो. चित्र आपण काढायचं न्हाई. आपण नुसतं नियम लिहायचं. कुठं काय पडंल, केवढं पडंल, हे थोडं नियमावर, थोडं नशिबावर. काढतो कंप्युटर.

आई म्हणली, "मग तू काय करतूस तिथं?"

कोर्सच्या दीपमाला मॅडमनी पयल्या दिवशी फळ्यावर हाच प्रश्न लिहिलाता. मग मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आपल्या घरातबी हाच अभ्यासक्रम चाललाय.

तर ऋषी.

ऋषी म्हंजे ऋषिराज. पाचवीपासनं एका बाकावर. त्यांचा ऊस, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं हाय. त्याचं लगीन ठरलं, मे महिन्याच्या शेवटाला. पोरगी कोरेगावकडची, राजेश्वरी. सगळं गोड चाललंतं. आन मग फ्लेक्सचा विषय निघाला.

आमच्याकडं लग्नाचा फ्लेक्स म्हंजे काय, हे बाहेरच्याला कळायचं न्हाई. मधी नवरा-नवरी. भोवतीनं घरचे लोक, खाली "स्वागतोत्सुक". कुणाचा फोटो केवढा, कुणाचा वर, कुणाचा खाली, ह्यावर गावात कोण कुठं हाय ते ठरतं. मी दुकानात फोटोला हात लावायच्या आधी विचारतो, मोठं कोण? बारकं कोण? गिऱ्हाईक हळू आवाजात सांगतं. कवा कवा नवरा-बायको माझ्यासमोरच भांडत्यात.

ऋषीचे वडील सयाजीआप्पा. त्यांचे थोरले भाऊ अर्जुनातात्या, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. दोन वर्षांमागं आप्पांच्या वाढदिवसाला मंडळाच्या पोरांनी एक फ्लेक्स लावला. आमच्या दुकानातला न्हवता, बरं का. त्यात तात्यांचा फोटो अगदी खाली, पोराटोरांच्या रांगेत. वरनं मंडळाच्या नावाची पट्टी तात्यांच्या हनुवटीवरनं गेलेली. मिशी अर्धी कापलेली.

तात्या चौकात उभे राहून तो फ्लेक्स बघत बसले म्हणं. त्या दिवसापासनं भावाच्या घराचा उंबरा ओलांडला न्हाई. घरं एकमेकाला चिकटून. मधी एक भिंत. इकडं कुकरची शिट्टी झाली की तिकडं ऐकू जाती. आन दोन वर्षं बोलणं न्हाई. आप्पांनी पोरांस्नी शिव्या दिल्या, पण भावाकडं जाऊन "चुकलं" म्हणले न्हाईत. म्हणायचे, "मी केलं का त्ये? मग मी कशाला जाऊ?"

आन ऋषीचं काय, तर ऋषी तात्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तात्यांना पोरबाळ न्हाई. सुट्टीवर आले की आधी ऋषीला उचलायचे, मग बॅग खाली ठेवायचे.

तात्यांनी निरोप धाडला. लग्नाच्या फ्लेक्सवर माझा फोटो सयाच्या फोटोपेक्षा एक बोटबी बारका असला, तर मी मंडपात येणार न्हाई.

आप्पा म्हणले, "नवऱ्याचा बाप मी हाय. माझ्याएवढा फोटो दुसऱ्या कुणाचा कसा आसंल?"

मी सांगलीतनं डिझाईन करून पाठवाय लागलो. दोघं सारख्या मापाचे केले. आप्पा म्हणले डावीकडं कोण हाय? वाचताना डावीकडचा आधी येतो. बरं, मग तात्यांना उजवीकडं घातलं, तर तात्या म्हणले, म्हंजे मी मागं. एकाखाली एक केले, तर वरचा कोण? एकात तर मी दोघांचे फोटो काढूनच टाकले, नुसती नवरा-नवरी. त्यावर दोघं पयल्यांदा एका मताचे झाले. दोघांनीबी शिव्या घातल्या.

मग ऋषीचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणला, "नाग्या, मंडपात समोर तात्या नसले तर मी बघू कुणाकडं रं?"

म्हटलं, थांब, कायतरी काढतो.

त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात गोल भरायचं शिकवलंतं. सोपं हाय. कंप्युटरनं कागदावर कुठंबी एक गोल टाकायचा, आन जागा हाय तेवढा फुगवायचा. मग दुसरा टाकायचा, पयल्याला न चिकटता. मग तिसरा. आधी पडला त्याला ऐसपैस जागा, शेवटी पडला त्याला कोपरा. कोण आधी, कोण शेवटी, ते नशीब ठरवणार. माझा गोलांचा प्रोग्राम चांगला चाललाता. रंगीबेरंगी गोल टाकून बघायचो, मजा यायची. मेसमधी भात कालवता कालवता एकदम डोक्यात आलं. गोलात रंगाच्या जागी तोंडं घातली तर?

ऋषीला फोन लावला. "माणसानं ठरवायचंच न्हाई. कंप्युटर ठरवंल. कुणाचा गोल मोठा, कुणाचा बारका, कुणाच्याच हातात न्हाई. मधी फकस्त तुमी दोघं, नवरा-नवरी. बाकी सगळे नशिबावर."

"म्हंजे चिठ्ठी टाकल्यागत?"

"तसंच."

चिठ्ठी म्हटल्यावर पुढचं सोपं झालं. आमच्या गावात जत्रेत मानाचा नारळ कुणाचा, हे चिठ्ठीवर ठरतं. चिठ्ठीत आलं त्याच्यावर भांडण न्हाई. आप्पा म्हणले चालंल. तात्यांनी निरोप दिला, चालंल, पण माझ्या डोळ्यादेखत. आधी करून आणलेलं चालणार न्हाई.

ऋषीनं मला बजावलं, "बटण आधी दाबून बघू नकोस. सगळ्यांपुढंच पयल्यांदा दाब. न्हाईतर कुणीतरी म्हणंल, आवडलं तेवढं घेऊन आला."

मी न्हाई दाबलं. इमानदारीत वागलो. आन तिथंच घोटाळा झाला.

रविवारी कोर्सला सुट्टी. सकाळच्या गाडीनं गावाकडं गेलो. ऋषीच्या घरी सोप्यात, म्हंजे पुढच्या खोलीत, निम्मं गाव. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. ऋषीनं फोटो एका फोल्डरमधी गोळा करून ठेवलेले. बघतो तर त्यात माझाबी फोटो.

"हा कशाला?"

"का? दोस्त न्हाई व्हय तू माझा?"

"आरं पण घरच्यांच्यात..."

"राहू दे म्हटलं की. गप."

तात्या आले. आत न्हाई आले. उंबऱ्याच्या भायेर खुर्ची टाकून बसले, ताठ. मग टीव्ही फिरवून दाराकडं तोंड करून ठेवला, म्हंजे आतल्यांनी मान वाकडी करून बघायचं आन भायेरच्यानं सरळ. आप्पा कॉटवर. ऋषीची आई चंद्राबाई आतल्या दारात पदर धरून उभी. तिच्या शेजारी गल्लीतली दगडाबाई. खिडकीत ऋषीचा भावकीतला लांबचा चुलतभाऊ वीरधवल, मंडळाचा अध्यक्ष. तो अर्ध्या मिशीचा फ्लेक्स त्याच्याच डोक्यातनं निघालेला. पण त्याचा आवाज सगळ्यात मोठा.

मी दाबलं.

पयला गोल पडला. नवऱ्याच्या डाव्या बाजूला. फुगाय लागला. फुगला, फुगला, थांबंचना. त्यात तोंड उमटलं.

माझं.

कोर्सच्या ओळखपत्राचा फोटो. बटण गळ्यापर्यंत लावलेलं. ऋषीपेक्षा मोठं तोंड. बाकीचे गोल नंतर पडाय लागले, कोण इथं, कोण तिथं, पण बघतंय कोण? सगळे टीव्हीकडं आन मग माझ्याकडं.

वीरधवल म्हणला, "फ्लेक्सवाल्यानं सोताचीच जाहिरात केली की!"

थोडे हसले. मीबी हसलो. म्हटलं, "नशीब हाय, परत दाबतो." दाबलं.

पयला गोल. डावी बाजू. फुगला.

परत माझं तोंड. त्याच जागी. तेवढंच. बाकीचीबी सगळी जिथल्या तिथं, तसूभर हललं न्हवतं कुणी.

आता कोण हसलं न्हाई. मागनं कोण तरी म्हणलं, "बोलायची सोय न्हाई बाबा, काळ त्येंचा हाय." हे वाक्य मी आधीबी ऐकलंय, आमच्या वस्तीतल्या कुणाचं जरा बरं झालं की. कवा हसत म्हणत्यात, कवा न हसता. ह्यावेळी न हसता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ऋषी उठला. "कोण बोललं त्ये? फोटो मी दिलाय त्येचा. मी!"

"फोटो तू दिलास, पर मोठा कुणी केला?" वीरधवल म्हणला. "दोनदा दाबलं, दोनदा ह्योच. चिठ्ठी आसती तर दोनदा एकाचीच निघाली आसती व्हय? ठरवून आणलंय ह्यानं."

भायेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तात्या उठले होते. मी ऋषीकडं बघितलं. त्याचं तोंड असं झालंतं की मला वाटलं, ह्याच्या लग्नाची वाट लावली आपण. आपल्याच हातानं.

आन तवा माझ्या डोक्यात पेटलं. सीड!

सांगतो. कंप्युटरला खरं नशीब म्हणून काय नसतं. त्याला सुरवातीला एक आकडा द्यायचा. त्याला सीड म्हणत्यात, बी. त्या आकड्यापासनं तो पुढचं सगळं "नशीब" काढतो. आकडा बदलला की चित्र बदलतं. आकडा तोच तर चित्र तेच, हजारदा दाबा. मॅडमनी पयल्या आठवड्यातच सांगितलंतं, आकडा लिहून ठेवा, न्हाईतर चांगलं चित्र येतं आन परत कवाच येत न्हाई. मी गुणी विद्यार्थी. सगळ्यात वरच्या ओळीत सात लिहून ठेवलाता. आन तो सात तसाच राहिला. त्यात फोल्डरमधी माझा फोटो ज्या जागी होता, त्याच जागेच्या फोटोला सातनं पयला गोल दिला. एवढंच.

एवढंच, पण हे त्या सोप्यात सांगायचं कसं?

"तात्या, थांबा! चूक माझी हाय, पण लबाडी न्हाई. ह्येला सुरवातीला एक आकडा द्यावा लागतो. मी वर्गातला आकडा तसाच ठेवला. काढायचा राहिला. त्यो आकडा हाय तवर ह्योच फोटो येणार."

तात्या दारात पाठमोरे. वळले. "म्हंजे आकडा तू आधीच घातलावतास."

"व्हय."

"आन आकड्यावर सगळं चालतं."

"व्हय तात्या."

तात्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं. पोलीस बघतो तसं. म्हणले, "मग आकडा मी घालणार. तुझ्यावर इश्वास न्हाई माझा."

लगेच कॉटवरनं आप्पा. "तुमी कशापायी? लगीन माझ्या घरात हाय, आकडा मी घालणार."

दोन वर्षांत दोघं एकमेकाला उद्देशून पयल्यांदा बोलले. ते बी भांडायला. पण मला तेवढ्यात सुचलं. म्हटलं, "दोघांनीबी घाला. दोन्ही आकड्यांची बेरीज करतो. एकानं काय बी घातलं तरी दुसऱ्याचा आकडा मिसळला की काय येणार, हे कुणालाच ठाऊक न्हाई. मला बी न्हाई."

सोप्यात जरा कुजबूज. मग दगडाबाई म्हणली, "ह्ये बरं हाय की. आमी जमिनीचा इसार देताना दोन्हीकडची माणसं बसवतो, तसं."

वीरधवल म्हणला, "आन त्ये बी पटलं न्हाई तर?"

"एकदाच दाबणार," मी म्हटलं. "येईल त्ये येईल. आधी कबूल करा, मगच दाबतो."

आप्पा कबूल. तात्यांनी नुसती मान हलवली.

तात्यांनी त्यांचा फौजेतला नंबर सांगितला. न अडखळता, एका दमात, मोठ्यानं, जसं काय समोर साहेब उभा हाय. आप्पांनी ट्रकचा नंबर सांगितला. मी दोन्ही टाईप केले.

"बरोबर घातलंस का?" तात्या भायेरनं.

"व्हय तात्या, टीव्हीवर दिसतोय बघा."

"मला तिथनं दिसंना. अक्षर बारीक हाय."

"मोठं करतो..."

"राहू दे."

आन तात्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, सरळ माझ्यापाशी आले आन वाकून लॅपटॉपमधी बघाय लागले. बोट लावून एक एक आकडा वाचला. चंद्राबाई आत पळाली आन तांब्या-भांडं घेऊन आली, त्यांच्या हाताशी ठेवलं. कोणबी त्यावर काय बोललं न्हाई. कुणी बोललं असतं तर मला वाटतं तात्या तसेच मागं फिरले असते.

आप्पाबी उठले. "माझा बघू. शेवटचा आकडा दोन हाय, तू तीन घातलास न्हवं?"

बघितलं तर खरंच तीन. दुरुस्त केलं. एका खांद्यावरनं तात्या, दुसऱ्या खांद्यावरनं आप्पा. दोघांचा श्वास माझ्या मानेवर. तात्यांच्या तंबाखूचा वास, आप्पांच्या अंगाला डिझेलचा.

"दाबू?"

"दाब," दोघं म्हणले.

पयला गोल पडला, उजवीकडं वर. फुगाय लागला. तोंड उमटलं.

जोतिबा! शेजारचा जोतिबा, टेम्पोवाला. गॉगल घातलेला फोटो, मागं धरणाचं पाणी. ऋषीनं शेजारी म्हणून घातलाता. जोतिबा मागं भिंतीला टेकून उभाता, तो हातातली टोपी तोंडावर धरून खालीच बसला. "आयला, मी न्हाई! मी कायबी न्हाई केलं!"

असं हसले लोक. आप्पाबी हसले. दगडाबाई म्हणली, "नवरीला म्हणावं नीट बघून घाल बाई हार."

हसणं चाललंतं तवर बाकीचे गोल पडत राहिले. चंद्राबाई चांगली मोठी आली, नवरीच्या खांद्याशी. आप्पा मधल्या मापाचे. मी वीरधवलच्या खाली, बऱ्यापैकी. पण तात्या कुठं हायत? सगळे शोधाय लागले. हसणं कमी कमी होत गेलं.

ऋषीला पयलं दिसले. खालच्या कोपऱ्यात, दोन मोठ्या गोलांच्या फटीत. बारका गोल. आप्पांच्या निम्मासुद्धा न्हाई.

मी मान वर करून तात्यांकडं बघितलंच न्हाई. ऋषीकडं बघितलं, तो भिंतीकडं बघत होता.

आन मग माझ्या उजव्या खांद्यावरनं आवाज आला. आप्पांचा. हळू.

"परत दाब."

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. "आप्पा, एकदाच ठरलंय..."

"दाब म्हणतोय न्हवं. तात्या लय बारकं झाल्यात. बरं न्हाई दिसत. थोरलं हायत त्ये."

दोन वर्षं हेच एवढं वाक्य अडकलंतं. आप्पा टीव्हीकडं बघत बोलले, भावाकडं न्हाई. पण बोलले. मी बटणाकडं हात नेला. तात्यांनी माझं मनगट धरलं. फौजी माणूस, पकड अजून लोखंडाची.

"न्हाई. दाबायचं न्हाई." मग भावाला म्हणले, "सया, आकडा माझा बी हाय त्येच्यात. मी माझ्या तोंडानं सांगितला. गोळी सुटल्यावर नेमाला नावं ठेवायची न्हाईत."

"पर तात्या..."

"आरं बास की. कुणी मुद्दाम केलं आसतं तर वायलं. ह्ये कुणी केलं न्हाई." तात्या परत वाकले, कोपऱ्यातला त्यांचा गोल बघितला. बराच वेळ. मग मला म्हणले, "मिशी पुरी आलीय न्हवं?"

"व्हय तात्या. पुरी."

"मग छाप."

डोक्यावरची उसाची मोळी खाली टाकल्यावर मान कशी हलकी होती, आपोआप वर येती, तसं झालं मला. ऋषीनं खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडला का हसला ते मी विचारलं न्हाई. चंद्राबाईनं पोह्याची ताटली आणली आन पयली तात्यांना दिली. तात्यांनी आप्पांच्या कॉटवर बसून खाल्ले. एका टोकाला तात्या, एका टोकाला आप्पा, मधी ताटली. बोलणं असं काय न्हाई. तात्या म्हणले मीठ कमी हाय. आप्पा म्हणले, डॉक्टरनं बंद केलंय हिचं. तात्या म्हणले, कवापासनं? मला सांगितलं न्हाई कुणी. आप्पा म्हणले, सांगायचं राहिलं.

वीरधवल जाताना माझ्यापाशी थांबला. माफीबिफी न्हाई. म्हणला, "मंडळाचा गणपतीचा फ्लेक्स आसाच करू. कटकट मिटंल." मी म्हटलं बघू. त्या "काळ त्येंचा हाय"वाल्यानं मला पोहे वाढले. तेवढ्यानं सगळं मिटलं असं मी म्हणत न्हाई. पण पोहे खाल्ले मी.

मॅडमना सोमवारी सांगितलं. त्या हसून हसून खुर्चीला टेकल्या. म्हणल्या, "अरे, सीड ठेवायला मीच सांगितलं आणि काढायला सांगितलं नाही. अर्धा दोष माझा." मग म्हणल्या, शनिवारच्या प्रदर्शनात हेच लाव. फ्लेक्सवरच छापून लाव, कागदावर नको. मी वेगळंच काय तरी लावणार होतो, पानांच्या शिरांचं. राहिलं ते.

पण रविवारचं एक सांगायचं राहिलं.

पोहे खाऊन झाल्यावर तात्यांनी विचारलं, सांगलीत नेमकं करता काय तुमी? मी शनिवारच्या प्रदर्शनाचं सांगितलं. तात्या म्हणले, "मग मी येतो बघाय. आसली गोळाबेरीज आजून कोण कोण करतंय बघू तरी." मी म्हटलं या की. तर आप्पा म्हणले, गाडी मी काढतो.

तात्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणले, "काढ."

दुपारी ऋषी मला गाडीवरनं कराड स्टँडला सोडाय आला. मी मस्त, हलका. त्याला म्हटलं, सुटलास लेका. तर हा गंभीर.

"नाग्या, शनिवारी दोघं एका गाडीतनं येणार तुझ्याकडं."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसलं! दोन वर्षात बोलल्यालं न्हाईत धड. कराडपासनं सांगलीपर्यंत बोलणार काय? मला लग्नाच्या गडबडीत येता यायचं न्हाई. तिथं काय बिनसलं तर आठवड्यावर लगीन हाय रं."

"मी हाय न्हवं."

"ऐक. कारखाना, पाणी आन वाटणी. ह्यातला कुठला बी विषय निघाला की तू मधी पडायचं. काय बी सांग. गोलाचं सांग, तुझ्या मॅडमचं सांग. जेवाय बसवशील तवा दोघांस्नी आधी कुणाला वाढायचं, त्ये बघ."

"एकाच वेळी वाढतो. दोन हात हायत मला."

तो हसला. मग परत तोंड तसंच. सांगलीची गाडी लागली. मी पिशवी घेऊन पायरीवर चढलो. ऋषी खालनं म्हणला, "आन बिनसलंच, तर तात्या म्हणतील मी यष्टीनं जातो. लय मानी माणूस हाय. जाऊ द्यायचं न्हाई. आलं तसंच दोघं एका गाडीतनं परत आलं पायजेत. बाकी काय मागत न्हाई मी तुझ्याकडं लग्नात."

कंडक्टर म्हणला, आत चला. गाडी हलली. मी दाराची दांडी धरून वाकलो आन ओरडलो, "ऋष्या, दोघांस्नी एकाच गाडीत बसवतो. दार मी सोता लावतो. गाडी वळून कराडच्या रस्त्याला लागल्याबिगर मी तिथनं हलणार न्हाई. शब्द हाय माझा!"